थोरली, धाकटी आणि अण्णांचे बारा व्होल्ट

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी शाळेला निघता निघता आईचा फोन आला. "बाई, धाकटीला लई पाणी लागायलंय. महिन्यात दोनदा घातलं. थोरली मात्र घोटभरसुद्धा घेईना."

ऐकणाऱ्याला वाटावं, गोठ्यातल्या कालवडींचं चाललंय. थोरली आणि धाकटी म्हणजे औसा तालुक्यातल्या आमच्या घरातल्या सोलरच्या दोन बॅटऱ्या. दोघी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच टेम्पोतून आलेल्या. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास), ट्युब्युलर. टेम्पोतून जी आधी उतरली ती थोरली. बॅटरीचं पाणी आईकडे आहे. पितळी फुलपात्र वेगळं काढून ठेवलंय तिनं त्याला. (प्लॅस्टिकचं घे म्हणून मी दहादा सांगितलं, शेवटी मीच नेऊन दिलं. आता त्या फुलपात्रात तुळशीला पाणी जातं.)

आईचं ते वाक्य म्हणजे नेमकं निदान होतं, हे मला दोन आठवड्यांनी कळलं. पण ते सांगण्याआधी घरात बॅटऱ्या दोन का आल्या आणि एकीच्या पाठीला दुसरी का जोडली हे सांगायला हवं. आणि ते सांगायचं तर १९९३ पर्यंत मागं जावं लागतं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, पहाटेचे चार वाजायला आलेले, आणि किल्लारीचा भूकंप झाला. मी पाचवीत होते. आमचं जुनं घर म्हणजे दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. त्या भागातली सगळी घरं तशीच. उन्हाळ्यात गार, आणि त्या पहाटे काळ. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, एवढंच लिहिते. नंतर पुनर्वसनात नवं गाव झालं, सरळ रेषेतले रुंद रस्ते, मोठाले प्लॉट. जुन्या गावात चूल, गोठा, न्हाणी सगळं हाकेच्या अंतरावर नव्हे, हाताच्या अंतरावर होतं. नव्या गावात सगळंच लांब लांब झालं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेव्हापासून एक नियम केला. डोक्यावर वजन नको. पाण्याची टाकीसुद्धा त्यांनी छतावर चढवू दिली नाही, अंगणात वेगळा अँगलचा घोडा करून त्यावर ठेवली.

२०१९ ला सोलर घ्यायचं ठरलं तेव्हा प्लेटा छतावर बसवायचा प्रश्नच नव्हता. गोठ्याशेजारी स्टँड उभा राहिला. तिथून बॅटरी ठेवलेल्या खोलीपर्यंत २२ मीटर. शंभर वॅटच्या दोन प्लेटा, एक बॅटरी, एका बॅटरीचा इन्व्हर्टर. घर बांधताना उरलेली अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) वायर माळ्यावर पडून होती, ती अण्णांनी खाली जमिनीतून ओढली. बारा व्होल्टच का, असं त्यांना कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना प्रश्न कळला नसता. आपल्याकडं बॅटरी म्हटली की बाराच. ट्रॅक्टरला बारा, मोटारसायकलला बारा, फवारणीच्या पाठीवरच्या पंपाला बारा, रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीनला बारा. "उद्या बॅटरी बसली तर ट्रॅक्टरची काढून लावता येतीय," हे त्यांचं गणित. आणि मला ते आजही चुकीचं वाटत नाही. तीन दिवे, दोन पंखे, मोबाईलचं चार्जिंग एवढाच संसार असेल तर बारा व्होल्टसारखं सोपं काही नाही. सुटा भाग तालुक्याला मिळतो, आणि गावातला कुणीही हात घालू शकतो.

अडचण अशी की त्यांच्या बारा व्होल्टला २२ मीटर चालत यायचं होतं.

मी अठरा वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवते. विभवांतर, विद्युतधारा, रोध. फळ्यावर त्रिकोण काढून पोरांकडून सूत्र घोकून घेते. पण घरच्या प्लेटांवर ते सूत्र लावून बघायचं मला दोन वर्षं सुचलं नाही. दर मे महिन्यात अण्णांची तक्रार असायची, "ऊन हाय एवढं, अन् बॅटरी भरंना." मी म्हणायचे, धूळ बसली असेल, पुसा. ते पुसायचे. बॅटरी तरी भरायची नाही.

मग एकदा बसून हिशोब केला. दोन प्लेटा शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडलेल्या. एकीचे साडेपाच, दोघींचे मिळून ११ अँपिअर. जायची-यायची धरून वायर ४४ मीटर. अडीच एमएमच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला रोध साधारण एक तृतीयांश ओहम. ११ अँपिअर त्यातून न्यायचे तर साडेतीन व्होल्ट वाटेतच सांडणार आणि चाळीस वॅट वायर तापवण्यात जाणार. दोनशेतले चाळीस! त्यात आपला उन्हाळा. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हे अर्धसत्य आहे. प्लेट तापली की तिचा व्होल्टेज उतरतो. बारा व्होल्टची म्हणून विकतात ती प्लेट खरं तर कामाला १८ व्होल्ट देते, पण लातूरच्या मेमध्ये हवा ४२ अंशांवर असली की प्लेटेची काच पासष्टच्या पुढं जाते, आणि अठराचे पंधरा-सव्वापंधरा होतात. त्यातून वायर आपला वाटा घेणार. पुढं बॅटरीला पोटभर भरायला १४.४ लागतात. मग प्रवाह आक्रसतो, वायरीतली तूट तेवढी कमी होते, बॅटरी कशीबशी भरत राहते आणि पूर्ण कधीच भरत नाही. अण्णांची तक्रार शब्दशः खरी होती. ऊन एवढं होतं, म्हणूनच बॅटरी भरत नव्हती.

आता हे त्यांना सांगायचं कसं? सूत्र काढून दाखवलं असतं तर ते उठून रानात गेले असते. शेताला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडं डीपी म्हणतात. मी विचारलं, "अण्णा, डीपीपासून शेवटच्या मोटारीचं काय होतं?"

"काय व्हतंय? व्होल्टेज मिळत नाही. मोटर नुसती घुंगती, पाणी उचलत नाही. जळती एखाद दिवशी."

"आपल्या प्लेटा म्हणजे डीपी. अन् बॅटरी म्हणजे शेवटची मोटर."

ते काहीच बोलले नाहीत. तंबाखूचा बार भरला, स्टँडपासून खोलीपर्यंत एक चक्कर पायी मारली. मग म्हणाले, "म्हणूनच ते दोघात एक डीपी द्यायलेत व्हय?"

अगदी तेच. महावितरणच्या एचव्हीडीएस योजनेत अकरा केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) लाईन थेट विहिरीजवळ आणतात आणि एक-दोन शेतकऱ्यांत छोटी डीपी बसवतात, त्यामागं हेच कारण आहे. लांबचा पल्ला जास्त व्होल्टने कापायचा आणि घराजवळ येऊन उतरायचं. तेवढीच वीज दुप्पट व्होल्टने पाठवली तर प्रवाह निम्मा होतो आणि तारेतली उधळपट्टी निम्मी नाही, चौथाई होते. परळीच्या बाजूला ७६५ केव्हीचे ते राक्षसी मनोरे उभे आहेत तेही याचसाठी. अण्णांच्या दोन प्लेटा शेजारी न जोडता एकीच्या मागे एक, म्हणजे एकसर जोडल्या असत्या, तर त्याच वायरीत चाळीसऐवजी दहाच वॅट गेले असते. पण मग बॅटरीही चोवीसची हवी, नाहीतर मध्ये व्होल्टेज उतरवणारा महागडा एमपीपीटी कंट्रोलर हवा.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर एमपीपीटी घेऊन बाराच ठेवलं असतं. पण भावाने आधीच एक उद्योग करून ठेवला होता. २०२१ च्या दिवाळीत त्यानं कुणाकडून तरी ३३५ वॅटची प्लेट स्वस्तात आणली आणि अण्णांच्या प्लेटांचा चार्जिंग सांभाळणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर होता तसलाच आणखी एक आणून त्याच बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडली. मोठी प्लेट, मोठी कमाई, असा त्याचा समज. मीटर लावला तर पावणेनऊ अँपिअर. बॅटरी तेव्हा तेरावर, म्हणजे जेमतेम ११५ वॅट. "आक्का, प्लेट डुप्लिकेट निघाली बघ!" प्लेट खरीच होती. ती ३८ व्होल्टला पावणेनऊ अँपिअर द्यायची, आणि साध्या कंट्रोलरला अँपिअर तेवढे घेता येतात, वरचे व्होल्ट वाया जातात. शंभर रुपयांची नोट देऊन चहा प्यायचा आणि सुटे परत घ्यायचेच नाहीत, तसा हा व्यवहार.

यातली गंमत मला त्याच दिवशी कागदावर दिसली. अण्णांच्या दोन छोट्या प्लेटा एकामागे एक जोडल्या की १८ आणि १८, छत्तीस. भावाची एकटीच अडतीस. चोवीसच्या बॅटरीवर बापाच्या प्लेटा आणि लेकाची प्लेट शेजारी शेजारी सुखानं नांदतात. बारावर त्यांचं कधीच जमणार नव्हतं. घरात आम्ही हे मोठ्यानं बोललो नाही.

चोवीसकडे ढकलणारं दुसरं कारण एका नटाचं. एके सकाळी लाईट गेलेली असताना आईनं मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी लावली आणि बॅटरीच्या खोलीतून जळकट वास आला. जाऊन बघते तर बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरं बुरशीसारखं चढलेलं, नट सैल, आणि वायरीच्या टोकाचं लग रंग बदलून निळसर पडलेलं. त्याला लागून असलेलं लाल प्लॅस्टिक मेणासारखं ओघळून वाळलेलं. मिक्सर आणि बाकीचं किडूकमिडूक धरून इन्व्हर्टर तेव्हा बॅटरीतून सत्तरेक अँपिअर ओढत असणार. सैल नटाचा रोध समजा ओहमचा शंभरावा भाग. सत्तरचा वर्ग गुणिले तो भाग, म्हणजे ४९ वॅट. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंगची सळई पंचवीस वॅटची असते. तशा दोन सळया त्या एका नटावर टेकवून ठेवल्यासारखं झालं ते. तेच काम चोवीसवर असतं तर पस्तीस अँपिअर, आणि त्याच सैल नटावर बारा वॅट. नट सैल राहणार हे धरूनच चालायचं; आपल्या घरात दर सहा महिन्यांनी पाना घेऊन कोण बसतंय?

म्हणून आता कुणी विचारलं की बारा घेऊ का चोवीस, तर मी वॅटचा तक्ता सांगत नाही. मी विचारते, तुमच्या घरातली सगळ्यात दांडगी वस्तू कोणती, आणि ती चालू असताना बॅटरीतून किती अँपिअर निघतील? शंभराच्या जवळ जायला लागले की व्होल्ट वाढवा. हजार वॅटला बारावर इन्व्हर्टरची तूट धरून शंभर अँपिअर होतात, त्याला अंगठ्याएवढी जाड वायर लागते. चोवीसवर पन्नास. अठ्ठेचाळीसवर पंचवीस. बॅटरीत साठलेली वीज मात्र यानं वाढत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. १५० एएचच्या दोन बॅटऱ्या शेजारी जोडा, १२ व्होल्ट ३०० एएच. पाठोपाठ जोडा, २४ व्होल्ट १५० एएच. वीज दोन्हीकडं ३६०० वॅट-तासच.

भावाला थेट अठ्ठेचाळीस हवे होते. टेलिफोन एक्स्चेंज अठ्ठेचाळीसवर चालतं, मोबाईलचे टॉवर अठ्ठेचाळीसवर, आपणच का मागं? अर्धा एचपीची मोटर, कूलर, घरगुती पिठाची गिरणी, सगळं एकदम चालवायचं असेल तर त्याचं बरोबर होतं. तीन किलोवॅटच्या पुढं मी स्वतः दुसरं काही घेणार नाही. आणि आता लिथियम फॉस्फेटच्या सोळा सेलांच्या ५१.२ व्होल्टच्या तयार पेट्या मिळतात, त्यामुळं नवं घर करणाऱ्याला चार जड बॅटऱ्या मांडत बसायला नको. पण आमच्याकडं शिशाच्याच बॅटऱ्या घ्यायच्या होत्या. चार घ्यायच्या म्हणजे चारही सारख्या, एकाच वेळच्या, आणि चोवीस सेलांना पाणी. आईनं विचारलं, "लाईट गेल्यावर दळण कशाला दळायचंय?" प्रश्न तिथंच मिटला. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही आणि सकाळचा मिक्सर. ट्रकवाले चोवीसवर जन्म काढतात, आपलं का भागणार नाही?

जाता जाता एक. शेजारच्या घरी २०२४ नंतर सूर्यघर योजनेतून छतावर प्लेटा आल्या, तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी मिळते ती. पहिल्याच वावटळीत लाईट गेली आणि त्यांचं घर अंधारात. भर दुपारी, ऊन असताना! त्यांना वाटलं फसवलं. फसवलं नव्हतं. बॅटरी नसलेला तो इन्व्हर्टर लाईनीत वीज नसली की मुद्दाम बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतायचं. बिल कमी करणं आणि लाईट गेल्यावर दिवा लागणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं विकणाऱ्यानं आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२०२२ च्या पाडव्याला आमचं चोवीस झालं. दोन नव्या बॅटऱ्या, दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर, चोवीसचा कंट्रोलर, आणि जमिनीतून नवी सहा एमएमची वायर. जुनी बॅटरी नवीच्या जोडीला लावून एक बॅटरी वाचवायचा भावाचा बेत मी हाणून पाडला. एका बैलगाडीला एक तरणा आणि एक थकलेला बैल जुंपला तर काय होतं, ते अण्णांनीच त्याला सांगितलं. एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) घ्यायला गेलो तर दुकानदारानं डीसीची मागितलेली असताना घरातल्या बोर्डाची साधीच पुढं केली, "सगळी एकच असतात." एकच नसतात. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळं एमसीबी पडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसीची ठिणगी विझायला अशी फट मिळत नाही, ती ताणत राहते आणि डबीच पेटवते. आम्ही लातूरहून आणली.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मेमध्येसुद्धा बॅटऱ्या भरायच्या, काठावर पण भरायच्या. आणि मग आईचा तो फोन.

शाळेला सुट्टी लागल्यावर गावी गेले. भर दुपारी, प्लेटा जोरात असताना, मीटर घेऊन बसले. दोन्ही मिळून २८.४. छान. इन्व्हर्टरवरही हिरवा दिवा. मग एकेकीवर टोकं ठेवली. धाकटी १५.३. थोरली १३.१. पुन्हा ठेवून बघितली, तेच. धाकटीच्या टोपणांतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येत होता, भात शिजत आल्यावर झाकणाखालून येतो तसा. थोरली गप्प. आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवला, धाकटीचं आम्ल १२४५, थोरलीचं ११६०. म्हणजे एकीला रोज अजीर्ण आणि दुसरी रोज अर्धपोटी. चार्जर बिचारा दोघींची बेरीज बघत होता, आणि बेरीज बरोबर होती.

एकाच वेळी आलेल्या बहिणींत एवढा फरक का पडावा? बॅटरी सदोष असेल असं धरून मी दुकानदाराचं गॅरंटी कार्ड शोधायला उठले, आणि थोरलीच्या मागून, भिंतीच्या कडेनं जाणारी एक वायर दिसली. अडीच एमएमची. ती ओळखीची होती. सहा एमएमची घातल्यावर जमिनीत तशीच सोडून दिलेली अण्णांची जुनी वायर. तिचं एक टोक थोरलीच्या दोन टर्मिनलांना नीट वेटोळं घालून बसवलेलं. दुसरं टोक २२ मीटरवर गोठ्यात, बारा व्होल्टच्या दहा वॅटच्या दिव्याला आणि झटका मशीनला.

"अण्णा, हे कधी जोडलं?"

"मागल्या पावसाळ्यात. गाय व्यायची व्हती. रातभर उजेड पायजे व्हता."

"इन्व्हर्टरवरून का नाही घेतला दिवा?"

"दिवा बाराचा हाय. अन् ह्यातली एक बाराची हायच की."

दिसायला यात खोट काढण्यासारखं काहीच नाही. चोवीस म्हणजे बारा आणि बारा; त्यातले बारा घेतले. पण रात्रभर दहा वॅट म्हणजे रोज दहा एएच फक्त थोरलीतून जायचे, आणि सकाळी पाठोपाठ जोडलेल्या दोघींतून प्रवाह मात्र सारखाच वाहायचा. तिची तूट कधी भरून निघायचीच नाही. धाकटी आधी भरायची, तरी वरून येत राहायचं, मग तिचं पाणी उडून जायचं. आई फुलपात्रानं जे धाकटीला घालत होती तो थोरलीच्या उपासाचा हिशोब होता.

थोरलीला वेगळा बाराचा चार्जर लावून तीन दिवस सावकाश चार्ज केली. आम्ल १२२५ पर्यंत आलं, त्यापुढं सरकलं नाही. शिशावर सल्फेटचा जो थर एकदा चढून बसतो तो सगळा उतरत नाही. चोवीसचे बारा करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो लावू, असं मी सुचवलं. अण्णांनी मान हलवली. "मधी अजून एक डबडं कशाला?"

शेवटी २०१९ ची पहिली बॅटरी, जी नव्या जोडीला लावू दिली नव्हती आणि माळ्याखाली पोत्यावर पडून होती, ती बाहेर काढली. चार्ज करून तपासली तर निम्मी ताकद शिल्लक. रोजच्या दहा एएचला ती रग्गड. चाळीस वॅटची एक प्लेट आणि छोटा कंट्रोलर आणला. प्लेट गोठ्याच्या पत्र्यावर टाकू म्हटलं तर अण्णांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. ती गोठ्याशेजारच्या त्याच स्टँडवर बसली, आणि बॅटरी गोठ्यातच, गव्हाणीच्या वरच्या कोनाड्यात नव्हे, खाली, विटांच्या ओट्यावर. वायर सगळी मिळून चार मीटर.

आई या तिसरीला म्हातारी म्हणते. तिला पाणी मात्र अण्णाच घालतात.